वेबसर्व्हरवरील पत्ते आणि फाइली स्क्रिप्टने कशा जोडाव्यात : नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बडोद्यातील एखादे मराठी मंडळ किंवा वाचनालय आपले जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवायचे ठरवते, तेव्हा स्कॅनिंगपेक्षा नंतरची मांडणी अधिक वेळ खाते. स्कॅन करणाऱ्याने फाइलींना आपल्या सोयीची नावे दिलेली असतात, काही फोल्डर पेटीच्या क्रमांकाने लावलेले असतात आणि काही तारखेने. वाचकाला मात्र '/अंक/१९६२/दिवाळी' असा एका नजरेत कळणारा पत्ता हवा असतो. दांडिया बाजार परिसरातील एका मंडळाच्या अशा संग्रहाचे काम मी केले आहे. ते करताना ज्या गोष्टी कोणी एका ठिकाणी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते, त्या येथे क्रमाने लिहीत आहे.

मूळ कल्पना बडोद्याला नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे बोलावले आणि त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालयांसाठी वर्गीकरणाची पद्धत बसवली. वर्गीकरणाने दिलेला क्रमांक पुस्तकाच्या विषयाचा असतो, कपाटाचा नसतो, म्हणून कपाटे हलवली तरी सूचीपत्र बदलावे लागत नाही. संकेतस्थळावरचा पत्ताही असाच असला पाहिजे. फाइल उद्या दुसऱ्या डिस्कवर गेली तरी वाचकाने जपून ठेवलेला पत्ता चालू राहावा, आणि बदल करावा लागला तर तो एकाच ठिकाणी करावा लागावा. पुढील सर्व पायऱ्या एवढ्यासाठी आहेत.

उदाहरणे उबंटूवर चालणाऱ्या अपाची २.४ या सर्व्हरची आहेत. निर्देशांची, म्हणजे सर्व्हरला काय करायचे ते सांगणाऱ्या मांडणीतील आज्ञांची, नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलीत ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची असतात. निर्देशाच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद अपाची मानत नाही, परंतु निर्देशापुढे येणाऱ्या फाइलनावांत आणि फंक्शनच्या नावांत तो मानला जातो.

हाताशी काय असावे

- सर्व्हरवर प्रशासकाचे अधिकार. केवळ भाड्याच्या सामायिक होस्टिंगवरील फोल्डर मिळाला असेल, तर पाचव्या पायरीच्या शेवटी दिलेला मार्ग पाहावा.
- संग्रहातील सर्व फाइलींची यादी, प्रत्येक फाइलीच्या पूर्ण मार्गासह.
- आतापर्यंत कुठेही छापलेले किंवा कळवलेले सर्व जुने पत्ते. मंडळाच्या निमंत्रणपत्रिका, वार्षिक अहवाल आणि व्हॉट्सॲपवर फिरलेले संदेश पाहिल्याशिवाय ही यादी पूर्ण होत नाही.
- यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, फाइलीच्या आरंभी अदृश्य खूण न टाकता जतन करणारा संपादक.
- चाचणीसाठी पत्ता मागवून सर्व्हरचे उत्तर दाखवणारी कर्ल ही आज्ञा आणि लुआ भाषेचा संकलक.
- मांडणीच्या फाइलींचा इतिहास ठेवण्यासाठी गिट.

१. स्क्रिप्ट खरोखर लागते का, हे आधी ठरवा

नवखा माणूस बहुधा थेट स्क्रिप्टकडे वळतो, आणि हा सर्वांत मोठा सापळा आहे, कारण स्क्रिप्ट सांभाळण्यासाठी ती भाषा जाणणारा माणूस मंडळाकडे कायम असावा लागतो. एक संपूर्ण फोल्डर दुसऱ्या नावाने दाखवायचा असेल, तर 'एलियस' हा निर्देश पुरेसा आहे. पत्त्यात ठरावीक नमुना असेल आणि त्याच नमुन्याने फाइलीचा मार्ग तयार होत असेल, तर 'रिराइटरूल' वापरावा. राल्फ एंगेलशाल यांनी हे रिराइट मॉड्यूल १९९६ साली लिहिले आणि पुढच्या वर्षी अपाची गटाला दिले. इतक्या वर्षांत त्याच्या वापराविषयी भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे अडल्यास मदत सहज मिळते.

नमुना नसेल, पण पत्ता आणि फाइल यांची जोडी लावता येत असेल, तर 'रिराइटमॅप' नावाचा तक्ता पुरतो. स्क्रिप्टची गरज त्यापुढे, म्हणजे फाइल ठरवण्यापूर्वी पत्त्यावर काही विचार करावा लागतो तेव्हा उत्पन्न होते: एकच शब्द वाचक निरनिराळ्या प्रकारे टाइप करतात, आकडे निरनिराळ्या लिप्यांत येतात, किंवा स्वच्छ प्रत उपलब्ध नसल्यास मूळ स्कॅन द्यायचा असतो. मराठी पत्ते वापरणाऱ्या संकेतस्थळावर ही वेळ लवकर येते आणि त्याचे कारण सहाव्या पायरीत सविस्तर दिले आहे.

२. विनंतीचा प्रवास समजून घ्या

ब्राउझरकडून विनंती आली की अपाची ती अनेक टप्प्यांतून नेतो. आरंभीच्या टप्प्यात पत्त्याचे फाइलीच्या मार्गात रूपांतर होते. त्यानंतर त्या मार्गाला लागू असलेली मांडणी शोधली जाते, परवानगी तपासली जाते, फाइलीचा प्रकार ठरतो, आणि मग प्रत्यक्ष मजकूर पाठवला जातो. आपल्याला केवळ पहिल्या टप्प्यात हस्तक्षेप करायचा आहे. या टप्प्यावर आपले फंक्शन बोलावण्यासाठी लुआ मॉड्यूलमध्ये 'लुआहुकट्रान्सलेटनेम' हा निर्देश आहे.

या क्रमातून तीन गोष्टी निघतात आणि त्या लक्षात ठेवल्यास पुष्कळ गोंधळ वाचतो. पहिली अशी की परवानगी फाइलीच्या मार्गावर तपासली जाते, म्हणून संग्रह नेहमीच्या 'डॉक्युमेंटरूट'च्या, म्हणजे संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरच्या, बाहेर असेल तर त्या फोल्डरसाठी स्वतंत्र परवानगी लिहावी लागते. ती नसल्यास स्क्रिप्ट अचूक असूनही ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', हे उत्तर येते. फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याचा अधिकारही सर्व्हरच्या वापरकर्त्याला हवा. उबंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे घरचे फोल्डर इतरांना बंद असते, त्यामुळे संग्रह तेथे ठेवू नये.

दुसरी गोष्ट अशी की फाइलीचा प्रकार तिच्या खऱ्या नावाच्या शेपटावरून ठरतो. पत्त्यात पीडीएफ असे लिहिलेले नसले तरी चालते, डिस्कवरील नावात ते असले म्हणजे झाले. तिसरी गोष्ट ब्राउझरची आहे. पानातील सापेक्ष दुवे ब्राउझर दिसणाऱ्या पत्त्यापासून मोजतो, फाइल कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून जोडणी बदलल्यानंतर चित्रे दिसेनाशी झाली, तर दोष स्क्रिप्टमध्ये शोधू नये. पानातील दुवे मुळापासूनच्या तिरक्या रेषेने सुरू करावेत.

३. पत्त्यांचा आराखडा कागदावर उतरवा

संगणक सुरू करण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. पहिल्या स्तंभात अधिकृत पत्ता, दुसऱ्यात फाइलीचा मार्ग आणि तिसऱ्यात त्याच गोष्टीसाठी वाचक वापरतील असे इतर पत्ते लिहावेत. तिसरा स्तंभ भरताना मंडळातील ज्येष्ठ मंडळींना सोबत घ्यावे. शहराचे अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झाले, तरी मराठी घरांत बडोदे आणि बडोदा ही दोन्ही नावे आजही चालतात, आणि जुन्या अंकांच्या शीर्षकांत तीच आहेत. 'बडोदे', 'बडोदा' आणि 'वडोदरा' या तिन्ही नावांनी येणारा वाचक एकाच पानावर पोहोचला पाहिजे.

फाइलींची नावे मात्र रोमन लहान अक्षरे, आकडे आणि जोडरेषा यांतच ठेवावीत, असा माझा ठाम आग्रह आहे. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र धरून ८५ चिन्हांत नाव संपते. एखाद्या लेखाचे लांबलचक शीर्षक फाइलीला दिले की ही मर्यादा ओलांडली जाते. सुंदर देवनागरी पत्त्यात ठेवावी आणि डिस्कवर साधी नावे ठेवावीत. दोहोंना जोडणारा तक्ता आपल्याजवळ असतोच.

४. आधी साध्या तक्त्यावर चालवून पाहा

रिराइट मॉड्यूल 'एटूएनमॉड' या आज्ञेने सुरू करावे. त्यानंतर आपल्या संकेतस्थळाच्या 'व्हर्च्युअलहोस्ट' विभागात 'रिराइटइंजिन' चालू करून 'रिराइटमॅप' निर्देशाने तक्त्याला नाव आणि 'टेक्स्ट' हा प्रकार द्यावा. तक्त्याच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर आधी शोधायचा शब्द, मग मोकळी जागा आणि मग फाइलीचा मार्ग लिहावा. शोधशब्दात मोकळी जागा चालत नाही, तिथे जोडरेषा वापरावी. नियमात '/अंक/' नंतरचा सर्व भाग पकडून तक्त्यात शोधायला सांगावे आणि उभ्या रेषेनंतर, न सापडल्यास कोणते पान दाखवायचे, ते लिहावे.

पत्ता नियमांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अपाची टक्काचिन्हांचे सांकेतिक रूप उलगडतो, त्यामुळे तक्त्यात सरळ देवनागरी लिहिता येते. तक्त्याची फाइल बदलल्याचे सर्व्हर तिच्या वेळेवरून ओळखतो, म्हणून नवी ओळ घातल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. ज्यांना तांत्रिक कामाची सवय नाही अशा मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी ही मोठीच सोय आहे. नोंदी अनेक हजार झाल्या तर हाच तक्ता 'एचटीटीएक्सटीटूडीबीएम' या सोबत येणाऱ्या साधनाने जलद शोधाच्या स्वरूपात बदलता येतो.

येथे अडकवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. तक्ता विंडोजवर जतन करताना फाइलीच्या आरंभी अदृश्य खूण पडली, तर केवळ पहिली नोंद सापडत नाही आणि बाकी सर्व सापडतात. 'रिराइटमॅप' हा निर्देश एचटीॲक्सेस, म्हणजे एखाद्या फोल्डरपुरत्या मांडणीसाठी त्याच फोल्डरमध्ये ठेवलेल्या, फाइलीत चालत नाही, तो सर्व्हरच्या मुख्य मांडणीतच लिहावा लागतो. मुख्य मांडणीतील नमुन्याच्या आरंभी तिरकी रेष येते आणि एचटीॲक्सेसमधील नमुन्याच्या आरंभी ती येत नाही, म्हणून एका ठिकाणचा नियम उचलून दुसरीकडे जसाच्या तसा ठेवला की तो गप्प बसतो. 'मल्टिव्ह्यूज' ही सोय चालू असेल तर सर्व्हर स्वतःच जवळची फाइल शोधू लागतो आणि आपला नियम चालला की त्याचा अंदाज, हे कळत नाही. ती बंद करावी.

पुष्कळ संग्रहांचे काम एवढ्यावर भागते. भागत असेल तर पाचवी पायरी सोडून सरळ सातवीकडे जावे.

५. लुआ स्क्रिप्ट लिहा

लुआ मॉड्यूल अपाची २.४ सोबतच येते, ते केवळ सुरू करावे लागते. ज्या सर्व्हरवर अनोळखी लोकांचीही संकेतस्थळे आहेत तेथे ते सुरू करू नये, कारण त्याच्या साहाय्याने सर्व्हरचे अंतर्गत वर्तन बदलता येते. अपाचीच्या अधिकृत दस्तऐवजातही ही सूचना स्पष्ट दिलेली आहे.

'व्हर्च्युअलहोस्ट' विभागात 'लुआहुकट्रान्सलेटनेम' लिहून पुढे स्क्रिप्टच्या फाइलीचा मार्ग आणि फंक्शनचे नाव द्यावे. प्रत्येक विनंतीला हे फंक्शन बोलावले जाईल आणि विनंतीची सर्व माहिती असलेली एक वस्तू त्याला मिळेल. तिच्या 'यूआरआय' या भागात उलगडलेला पत्ता असतो, 'फाइलनेम' या भागात आपण मार्ग भरायचा असतो, आणि 'डॉक्युमेंट रूट' हा भाग संकेतस्थळाचा मुख्य फोल्डर सांगतो.

फंक्शनने शेवटी दोनपैकी एक उत्तर द्यायचे असते. 'ओके' याचा अर्थ 'मार्ग मी ठरवला आहे, पुढे विचारू नका', आणि 'डिक्लाइन्ड' याचा अर्थ 'हा पत्ता माझा नाही, नेहमीच्या पद्धतीने पाहा'. संपूर्ण स्क्रिप्टची शिस्त या दोन उत्तरांत आहे. फंक्शनची पहिलीच ओळ अशी असावी की पत्ता '/अंक/' ने सुरू होत नसेल तर लगेच 'डिक्लाइन्ड' परत करावे. मग पत्त्याचे प्रमाण रूप (ते कसे, हे सहाव्या पायरीत दिले आहे) तयार करावे, ते तक्त्यात शोधावे, मिळालेली फाइल डिस्कवर खरोखर आहे का हे विनंतीच्या वस्तूवरील 'स्टॅट' या सोयीने पाहावे, आणि असेल तरच 'फाइलनेम' भरून 'ओके' परत करावे. अन्य प्रत्येक वाटेवर 'डिक्लाइन्ड' हे उत्तर स्पष्ट लिहावे. न सापडलेल्या पत्त्याला अंदाजाने जवळचा अंक दाखवण्याचा मोह टाळावा, कारण चुकीचा अंक उघडणे हे ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', हे उत्तर पाहण्यापेक्षा वाचकासाठी अधिक त्रासाचे असते.

स्क्रिप्टने फाइल कोणती एवढेच सांगावे. भेटींची मोजणी, सदस्यत्वाची तपासणी, पानाची सजावट यांपैकी काहीही तिच्यात शिरू देऊ नये. ही स्क्रिप्ट संकेतस्थळावरील प्रत्येक चित्रासाठी आणि प्रत्येक शैलीपत्रकासाठीही चालते, म्हणून तिच्यातील एक जड ओळ सर्वत्र जाणवते.

बदललेली स्क्रिप्ट सर्व्हर आपोआप उचलतो, कारण 'लुआकोडकॅश' मुळात 'स्टॅट' या स्थितीत असतो. मात्र वेग वाढवण्यासाठी 'लुआस्कोप' हा निर्देश 'थ्रेड' असा ठेवला, तर एकदा स्मृतीत घेतलेला तक्ता तेथेच राहतो आणि नव्या नोंदी सर्व्हर पुन्हा वाचायला लावेपर्यंत दिसत नाहीत. काहीशे नोंदींसाठी मूळ मांडणी पुरेशी आहे, तिला हात लावू नये. रिराइटचे नियम आणि ही स्क्रिप्ट एकाच टप्प्यावर काम करतात, तेव्हा चौथ्या पायरीतील नियम '/अंक/' साठी ठेवलेला असेल तर तो आता काढून टाकावा.

'रिराइटमॅप'ला 'प्रोग्राम' हा प्रकार देऊन कोणत्याही भाषेतील स्क्रिप्ट जोडता येते, असेही तुमच्या वाचनात येईल. तो मार्ग चालतो, परंतु त्यात तो प्रोग्राम सर्व्हरसोबत एकदाच सुरू होतो आणि सर्व विनंत्या एकामागून एक त्याच्याकडे जातात. त्याने उत्तराची ओळ लगेच बाहेर सोडली नाही किंवा तो मध्येच अडकला, तर संपूर्ण संकेतस्थळ थांबते. वापरायचाच असेल तर साठवण बंद करून प्रत्येक उत्तर तत्काळ पाठवावे, न सापडल्यास 'नल' हा शब्द द्यावा, आणि निर्देशाच्या शेवटी मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता लिहावा. तो न लिहिल्यास प्रोग्राम सर्व्हर सुरू करणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा मुख्य प्रशासकाच्या, अधिकारांनी चालतो.

सामायिक होस्टिंगवर यांपैकी काहीच मिळत नाही. तेथे एचटीॲक्सेसमध्ये 'फॉलबॅकरिसोर्स' हा निर्देश लिहून, डिस्कवर न सापडणारे सर्व पत्ते एका पीएचपी फाइलीकडे वळवावेत आणि तिच्यात हाच तक्ता ठेवावा. पीएचपीला मूळ पत्ता सांकेतिक रूपात मिळतो. तो उलगडताना 'रॉ'ने सुरू होणारे फंक्शन घ्यावे, दुसरे फंक्शन अधिकचिन्हाची मोकळी जागा करून टाकते.

६. देवनागरी पत्त्यांचे प्रमाण रूप तयार करा

इंग्रजीतील मार्गदर्शनात ही पायरी मिळत नाही, आणि मराठी संकेतस्थळ याच जागी अडते. पडद्यावर अगदी सारखे दिसणारे दोन शब्द संगणकासाठी पूर्णपणे भिन्न असू शकतात, आणि तक्त्यातील शोध बाइटांची तुलना करतो, डोळ्यांना काय दिसते याची नव्हे.

पहिले उदाहरण अर्ध्या र चे. 'दऱ्या' हा शब्द एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त यांनी लिहिला जातो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. तिसरा प्रकार र खाली नुक्ता देऊन लिहिण्याचा आहे. नुक्त्याचा प्रकार आणि स्वतंत्र अक्षर यांना युनिकोड ही सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारी व्यवस्था समान मानते, त्यामुळे तयार प्रमाणीकरणाची साधने त्यांना एकत्र आणतात. अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्यात येत नाही, तो आपल्यालाच बदलावा लागतो. बदल करताना क्रम सांभाळावा. आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावेत, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे पुसावीत. क्रम उलटा झाला तर 'दऱ्या'चे 'दर्या' होते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांवरील लेख शोधणारा वाचक समुद्रावरील कवितेवर पोहोचतो.

लुआमध्ये बाइट दशमान आकड्यांनी लिहिता येतात, म्हणून ते येथे देत आहे. साधा र म्हणजे २२४, १६४, १७६. ऱ म्हणजे २२४, १६४, १७७. नुक्ता २२४, १६४, १८८ आणि हलन्त २२४, १६५, १४१. अदृश्य जोडचिन्ह २२६, १२८, १४१ आणि त्याचे भावंड असलेले विलगचिन्ह २२६, १२८, १४०.

दुसरे उदाहरण ॲ चे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २२४, १६५, १७८ असे साठवले जाते, परंतु अनेक जण अ वर चंद्र देऊन तेच लिहितात आणि ते २२४, १६४, १३३ व २२४, १६५, १३३ असे सहा बाइट होतात. युनिकोड यांनाही समान मानत नाही. 'ऍ' हे हिंदीच्या कळफलकांवर आढळणारे रूप २२४, १६४, १४१ असे आहे. तिन्ही रूपे पहिल्यावर आणावीत.

तिसरी गोष्ट बडोद्याची स्वतःची आहे. येथील पुष्कळ मराठी वाचकांच्या फोनवर गुजराती कळफलक असतो, विशेषतः ज्यांचे शिक्षण गुजरातीतून झाले त्यांच्या, आणि ते 'अंक' व वर्षाचे आकडे गुजराती लिपीत टाइप करतात. युनिकोडमध्ये गुजराती आणि देवनागरी यांची रचना समांतर आहे. गुजराती अक्षराचा क्रमांक त्याच उच्चाराच्या देवनागरी अक्षरापेक्षा ३८४ ने अधिक असतो. ३८४ म्हणजे ६४ ची सहा पट असल्यामुळे यूटीएफ-८ मध्ये केवळ मधला बाइट बदलतो. २२४, १७० या जोडीच्या जागी २२४, १६४ आणि २२४, १७१ च्या जागी २२४, १६५ घातले की गुजरातीत टाइप केलेला पत्ता देवनागरीत येतो. दोन ओळींत एका संपूर्ण लिपीची सोय होते. गुजरातीतून येणारा चंद्रयुक्त स्वर 'ऍ' या रूपात उतरतो, म्हणून हे रूपांतर सर्वांत आधी करावे आणि ॲ ची दुरुस्ती त्यानंतर. पत्ता '/अंक/' ने सुरू होतो का, ही पाचव्या पायरीतील पहिली तपासणीही मग या दोन ओळींनंतर ठेवावी, नाहीतर गुजरातीत आलेला वाचक दारातूनच परत जाईल.

आकड्यांसाठी एक दिशा निवडावी. रोमन आकडे देवनागरीत बदलावेत की उलट, याला महत्त्व नाही, पण ते सर्वत्र एकच असावे. नमुने लिहिताना एक कठीण सापळा आहे. लुआ बाइटच मोजते आणि अपाचीचे नियमही मुळात बाइटच मोजतात, त्यामुळे चौकटी कंसात '०-९' असा पल्ला लिहून 'चार वेळा' म्हटले तर चार आकडे जुळत नाहीत, चार बाइट जुळतात, म्हणजे एक आकडा आणि दुसऱ्याचा तुकडा. चार आकडी वर्ष हे १२ बाइटांचे आहे. दहाही आकडे एकेक करून पर्याय म्हणून लिहावेत, किंवा आधी रोमन आकड्यांत रूपांतर करून मग नमुना लावावा.

प्रमाण रूप करणारे फंक्शन तक्ता तयार करतानाही त्यातील प्रत्येक शोधशब्दावर चालवावे. तक्ता भरणारा कार्यकर्ताही कोणत्या तरी कळफलकावरच टाइप करत असतो.

आणखी एक व्यावहारिक बाब. '/अंक/१९६२/दिवाळी' हा पत्ता ब्राउझरमधून उचलून दुसरीकडे चिकटवला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात, आणि १६ चिन्हांचा हा पत्ता १२० अक्षरांचा दिसू लागतो. ज्येष्ठ वाचक अशा पत्त्याला घाबरतात आणि छापील पत्रिकेवर तो देताच येत नाही. म्हणून प्रत्येक अंकाला रोमन अक्षरांतील एक छोटा पत्ताही द्यावा आणि तो देवनागरी पत्त्याकडे वळवावा.

७. पत्त्यातून बाहेर पडण्याच्या वाटा बंद करा

पत्त्याचे फाइलीत रूपांतर हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचीच्या २.४.४९ आवृत्तीत असा दोष उघडकीस आला की सांकेतिक रूपात लिहिलेले ठिपके पत्त्यात घालून ठरलेल्या फोल्डरच्या बाहेरील फाइलींपर्यंत पोहोचता येत होते. तो सीव्हीई-२०२१-४१७७३ या क्रमांकाने नोंदला गेला. २.४.५० मधील दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच २.४.५१ आवृत्ती काढावी लागली. ज्यांच्या मांडणीत मुळाशी 'सर्वांना नकार' हा नियम कायम होता, त्यांच्या फाइली या दोषापासून वाचल्या. इतक्या अनुभवी प्रकल्पात हे घडू शकते, तर आपल्या स्क्रिप्टविषयी अधिकच सावध असावे.

उपाय सोपा आहे. वाचकाने पाठवलेल्या अक्षरांतून फाइलीचा मार्ग कधीही तयार करू नये. पत्ता हा फक्त तक्त्यात शोधण्यासाठी वापरावा आणि मार्ग नेहमी तक्त्यातूनच घ्यावा. मग पत्त्यात काहीही आले तरी तक्त्याबाहेरची फाइल उघडू शकत नाही. मुळावरील 'सर्वांना नकार' हा नियम काढू नये, आणि संग्रहाच्या एकाच फोल्डरला परवानगी द्यावी. स्क्रिप्ट व तक्ता संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवावेत.

८. तपासणी करा

सर्व्हरच्या मांडणीची 'कॉन्फिगटेस्ट' ही तपासणी लुआ स्क्रिप्टच्या आत पाहत नाही. स्क्रिप्टमध्ये एक कंस राहिला तरी ती तपासणी यशस्वी होते आणि मग संपूर्ण संकेतस्थळावर ५००, म्हणजे 'सर्व्हरमध्ये बिघाड', हे उत्तर येऊ लागते. म्हणून स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवण्यापूर्वी लुआच्या संकलकाला केवळ वाक्यरचना तपासायला सांगावे आणि बदल दुसऱ्या पोर्टवरील चाचणीच्या 'व्हर्च्युअलहोस्ट'वर आधी पाहावा.

एका फाइलीत चाचणीचे पत्ते आणि अपेक्षित उत्तर लिहून ठेवावे. त्यात तिन्ही प्रकारचे 'दऱ्या', तिन्ही प्रकारचे ॲ, गुजराती आकड्यांचे वर्ष, अस्तित्वात नसलेला अंक, दोन ठिपक्यांचा पत्ता आणि संकेतस्थळाचे मुखपृष्ठ असावे. मुखपृष्ठ आवर्जून घ्यावे, कारण स्क्रिप्टने नको तेथे 'ओके' म्हटले तर ते सर्वांत आधी तेथे दिसते. कर्लला पत्ता देताना सांकेतिक रूपातच द्यावा.

रिराइटचा नियम का लागू झाला नाही हे पाहायचे असेल, तर 'लॉगलेव्हल' निर्देशात रिराइटसाठी 'ट्रेस ३' ही पातळी लिहावी. मग प्रत्येक नियम कशाशी ताडून पाहिला गेला ते नोंदवहीत उमटते. तेथे देवनागरी अक्षरे दिसणार नाहीत, त्यांचे बाइट षोडशमान आकड्यांत दिसतील. काम झाल्यावर ही पातळी कमी करावी, अन्यथा डिस्क भरते.

९. जुने पत्ते वळवा आणि काम चालू करा

कागदावरील तिसऱ्या स्तंभाचा उपयोग आता होतो. डोळ्यांना दिसणारा फरक असेल, जसे 'वडोदरा' आणि 'बडोदे', तर अधिकृत पत्त्याकडे कायमचे वळण द्यावे, म्हणजे शोधयंत्रांनाही एकच पत्ता कळतो. फरक केवळ अदृश्य चिन्हांचा असेल तर वळण न देता सरळ फाइल द्यावी. वाचकाला त्याच्या पत्त्यात काय बदलले हे तसेही दिसणार नाही.

वळण लिहिताना पहिले काही दिवस ३०२ हा तात्पुरत्या वळणाचाच क्रमांक ठेवावा. ३०१ हे कायमचे वळण ब्राउझर लक्षात ठेवतात, आणि त्यात चूक राहिली तर सर्व्हरवर ती सुधारल्यानंतरही जुन्या वाचकाला चुकीचेच पान दिसत राहते. सर्व वळणे तपासल्यावर ३०१ करावे. वळणाचा पत्ता आधीच सांकेतिक रूपात लिहिला असेल तर रिराइट त्याला पुन्हा सांकेतिक करतो आणि प्रत्येक टक्काचिन्हापुढे २५ चिकटते. पत्त्यात असे २५ दिसू लागले की नियमाला 'एनई' हा ध्वज द्यावा.

सर्व्हर पुन्हा वाचायला लावताना 'ग्रेसफुल' हा प्रकार वापरावा, त्याने चालू असलेली डाउनलोड तुटत नाहीत. त्यानंतर पहिला महिनाभर दर आठवड्याला भेटींच्या नोंदवहीतील ४०४ चे पत्ते उलगडून वाचावेत. दिवाळीच्या सुमारास ही यादी लांब असेल, कारण तेव्हा बाहेरगावी गेलेली मंडळीही जुने अंक शोधतात. त्यातील ज्या पत्त्यामागे खरा वाचक दिसतो, त्याची ओळ तक्त्यात घालावी आणि तो बदल तारखेसह गिटमध्ये नोंदवावा.